गोव्यासाठी कॅमेरा: अ‍ॅक्शन, पॉकेट गिंबल की ड्रोन? (खारं पाणी, पाऊस, घुमट-आरती, शिगमो)

पोफळीबन (धागाकर्ता)

एकच कॅमेरा घ्यायचा आहे आणि तो गोव्याच्या हवेत टिकला पाहिजे. कामं चार: ग्रँड आयलंडला डायव्हिंग, पावसात स्कूटरवरून सत्तरीतले रस्ते, चवथीला (गणेश चतुर्थीला) घरातली घुमट-आरती (घुमट या वाद्याच्या साथीची), आणि शिगम्याची (गोव्यातल्या होळीच्या सणाची) रात्रीची मिरवणूक. ड्रोनही डोक्यात आहे, पण नियमांचा थांग लागत नाही. दुकानात विचारलं तर "सगळं होतं ह्यात" एवढंच उत्तर. बजेट ५० हजारांच्या आसपास, थोडं ताणता येईल. जाणकारांनी फोड करून सांगावी.

दर्यावर्दी

चारातली दोन कामं पाण्याची, दोन अंधाराची. दोन्हीकडे अव्वल ठरेल अशी वस्तू नाही, हे आधी मान्य केलं की निवड सोपी होते.

डीजेआयच्या ऑस्मो पॉकेट ३ मध्ये १ इंची सेन्सर, एफ/२.० लेन्स आणि खराखुरा तीन अक्षांचा गिंबल (मोटरींनी कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा) आहे. मखरापुढे आणि मिरवणुकीत तोच सरस. पण त्याला पाणी अजिबात चालत नाही. गिंबलच्या मोटरी उघड्या असतात. पाऊस सोडाच, संध्याकाळी वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार आणि बारीक वाळूही त्यांना पुरते.

अ‍ॅक्शन कॅमेरे वरचं केस न लावता किती खोल जातात ते बघा. गोप्रो हीरो १३ ब्लॅक १० मीटर, इन्स्टा३६० एस प्रो २ १२ मीटर, ऑस्मो अ‍ॅक्शन ४ १८ मीटर, अ‍ॅक्शन ५ प्रो २० मीटर. ३६० अंशांत टिपणारा इन्स्टा३६०चा एक्स५ १५ मीटर. सेन्सर अ‍ॅक्शन ४, ५ प्रो आणि एस प्रो २ मध्ये १/१.३ इंच, हीरो १३ मध्ये १/१.९ इंच. रात्रीच्या चित्रणात हा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो.

इन्स्टा३६० गो ३एस घेणाऱ्यांसाठी: पाण्यात फक्त छोटा कॅमेरा जातो, १० मीटरपर्यंत. ज्या स्क्रीनच्या डबीत तो बसतो ती नुसती शिंतोडे सोसते. डबीसकट उडी मारली की डबी गेली.

तुमच्या यादीला १/१.३ इंची अ‍ॅक्शन कॅमेरा हा मधला मार्ग. रात्रीची उणीव थोडी सेटिंगने, थोडी शहाणपणाने भरून काढता येते.

रेती_नको

+१. पण त्या मीटरांवर डोळे मिटून विसंबू नका. तो आकडा स्थिर पाण्याच्या दाबाचा असतो. बोटीवरून उडी मारताना किंवा जेट स्कीवरून पडताना पाणी दारावर आपटतं, तेव्हा क्षणभराचा दाब बराच जास्त असतो. कॅमेरा उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर तापला आणि तसाच गार पाण्यात गेला तर आतली हवा आकसते आणि सीलपाशी पाणी आत ओढलं जातं. डायव्हिंगला वेगळं हाउसिंग (बाहेरचं पाणबंद कवच) घ्याच. हीरो १३ चं ६० मीटरपर्यंत चालतं, पण खरा फायदा खोलीचा नाही. गळलंच तर आधी हाउसिंग गळतं आणि बुडबुडे दिसले की वर येता येतं.

पोफळीबन

आणि समुद्रातून आल्यावर? सगळे "गोड्या पाण्याने धुवा" म्हणतात, पण नेमकं कसं?

रेती_नको

हे जरा सविस्तर लिहितो, कारण गोव्यात कॅमेरे पडून जेवढे मरतात त्याहून जास्त मीठ वाळल्याने मरतात.

बोटीवर असतानाच: कॅमेरा वाळू द्यायचा नाही. झाकणाच्या डब्यात गोडं पाणी घेऊन जायचं आणि परतीच्या वाटेवर तो त्यातच ठेवायचा. मीठ ओलं असतं तोवर विरघळतं. एकदा वाळून त्याचे खडे झाले की बटणाच्या फटीत कुरकुर सुरू होते, मग बटण दाबलं की वर येत नाही.

घरी: सगळी दारं बंद ठेवून साध्या, कोमट नव्हे, नळाच्या पाण्यात १५ ते २० मिनिटं बुडवायचा. पाण्यात असतानाच प्रत्येक बटण दहा-बारा वेळा दाबायचं, म्हणजे फटीतलं खारं पाणी बाहेर येतं. पाणी बदलून पुन्हा पाच मिनिटं. नळाची जोरदार धार थेट माइकच्या भोकांवर किंवा दाराच्या कडेवर धरायची नाही. लेन्सही आधी धुवायची, मगच पुसायची. कोरड्या लेन्सवर वाळूचा कण फडक्याने फिरवला की ओरखडा कायमचा.

वाळवणं: माइकची भोकं खाली करून हलकेच झटकायचा, मऊ फडक्याने टिपायचा, पंख्याखाली तासभर. दार उघडायचं नाही. लोक इथेच चुकतात. बाहेरून कोरडा दिसतो, पण दाराच्या खाचेत एक थेंब बसलेला असतो. दार उघडलं की तो थेट बॅटरीच्या टोकांवर. दोन दिवसांनी टोकं हिरवट दिसली तर समजा, तोच थेंब.

आता सील. पूर्ण वाळल्यावर दार उघडा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. दाराच्या आत रबराची बारीक कड फिरलेली दिसेल. तिच्यावर एक केस, वाळूचा एक कण किंवा टॉवेलचा एक धागा आडवा असला तरी तेवढी फट पाण्याला पुरते. किंचित ओल्या, तंतू न सुटणाऱ्या फडक्याने एकाच दिशेने पुसा. कापसाचे बोळे नकोत, तेच तंतू सोडतात. अंगच्या सीलला ग्रीस लावायचं नाही. सिलिकॉन ग्रीस फक्त हाउसिंगच्या सुट्या ओ-रिंगला (रबरी कडीला), तेही बोटाच्या टोकावर येईल इतकं. जास्त लावलं तर वाळू चिकटायला आयतं अंगण मिळतं.

दार लावल्यावर टकचा आवाज येतो, आणि लॉकची रंगीत खूण दिसेनाशी होते. रोज दोन्ही तपासा.

कुळागर

इतकी उठाठेव? नळाखाली धरला की झालं. आणि पाणी गेलंच तर तांदळाच्या डब्यात दोन दिवस.

रेती_नको

नळाखाली वरवरचं जातं, बटणाखालचं नाही. बुडवून ठेवणं त्यासाठीच. आणि तांदळाबद्दल: तांदूळ ओल फारच सावकाश शोषतो, वर त्याची भुकटी पोर्टात शिरते. खारं पाणी आत गेलं असेल तर ओलाव्याहून मीठ वाईट. कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा, चार्जिंगला अजिबात लावू नका. ओल्या पोर्टला करंट दिला की तांब्याची टोकं झिजायला लागतात. मग सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात टाकून शक्य तितक्या लवकर दुरुस्तीवाल्याकडे. हेअर ड्रायर नको, गरम हवेने सीलचा गोंद सुटतो.

बुरशीशत्रू

सिलिका जेलचा विषय निघालाच आहे. इथे वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, आणि जून ते सप्टेंबर घरातली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली येतच नाही म्हणा ना. लेन्सवरची बुरशी ६५ टक्क्यांच्या वर हातपाय पसरते. कपाटात, विशेषतः चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत, कॅमेरा ठेवू नका.

उपाय स्वस्त आहे. रबरी कडेचा घट्ट प्लास्टिक डबा, दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रतामापक), आणि पाव किलो नारिंगी सिलिका जेल कापडी पुरचुंडीत. काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. ३० च्या खाली नको, रबर आणि ग्रीस कोरडं पडतं. मणी हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास, नाहीतर जाड तव्यावर अगदी मंद आचेवर हलवत. मणी पुन्हा नारिंगी झाले की परत डब्यात. मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, मणी तडतडून फुटतात.

दुसरा घोळ एसीचा. २२ अंशांच्या खोलीतून कॅमेरा थेट ओसरीवर आणला की लेन्सवर, कधी लेन्सच्या आतही, धुकं धरतं. खोलीतच झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आणून २०-३० मिनिटं पिशवीतच राहू द्या. दव पिशवीवर बसतं, काचेवर नाही. हाउसिंगही एसीच्या कोरड्या हवेतच बंद करायचं, बोटीवरच्या दमट हवेत नाही. आत धुकं धरू न देणाऱ्या एक-दोन पट्ट्या ठेवल्या की बरं.

दर्यावर्दी

डायव्हिंगबद्दल थोडं. पाण्यात लाल रंग पहिल्या पाच मीटरांतच बहुतेक गळतो. म्हणून लाल फिल्टर देतात. पण तो निळ्या, स्वच्छ पाण्याचा उपाय. आपल्याकडचं पाणी हिरवट आणि गढूळ. त्याला मॅजेन्टा फिल्टर जास्त जुळतो. आणि तीन मीटरच्या वर असाल तर कुठलाच नको, चित्र गुलाबी होतं.

दृश्यमानता कमी असली की झूम करू नका, जवळ जा. मासा हाताच्या अंतरावर असेल तरच चित्र स्वच्छ येतं. टॉर्च कॅमेऱ्यावर सरळ बसवला तर पाण्यातला गाळ पेटल्यासारखा दिसतो आणि सगळ्या चित्रभर बर्फ पडतो. टॉर्च हात लांब करून बाजूला, तिरका धरायचा. आणि तरंगणारी मूठ लावा. अ‍ॅक्शन ५ प्रो जेमतेम १४६ ग्रॅमचा आहे, पण पाण्यात दगडासारखा जातो, आणि त्या गाळात खाली गेलेला कोणाला सापडत नाही.

चोडणकर_नव्हे

स्कूटर: हँडलवर बसवू नका. इंजिनची थरथर सेन्सरच्या ओळी वाचण्याच्या वेगाशी भिडते आणि चित्र जेलीसारखं लिबलिबतं. सॉफ्टवेअर हे सरळ करू शकत नाही. पूर्ण हेल्मेटच्या हनुवटीवर माउंट हा सगळ्यात चांगला. मान हाच आपला गिंबल. चिकटपट्टी लावायच्या आधी जागा स्पिरिटने पुसा आणि लावल्यावर २४ तास हात लावू नका. पावसाळी हवेत घाईने चिकटवलेला माउंट पहिल्याच गतिरोधकावर सुटतो. सोबत दोरीचा फास हवाच.

५.३के चित्रण १२० एमबीपीएसने (सेकंदाला १२० मेगाबिट) घेतलं तर सेकंदाला १५ एमबी, म्हणजे तासाला ५४ जीबी. १२८ जीबीचं कार्ड सव्वादोन तासांत भरतं. कार्ड व्ही३० (लिहिण्याचा वेग सेकंदाला निदान ३० एमबी) किंवा वरचं, फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच. कॉम्प्युटरवर फायली पुसल्या तरी कचरा राहतो आणि रेकॉर्डिंग मध्येच थांबतं.

पावसाचे थेंब: हायड्रोफोबिक (पाणी झटकणारा) थर असलेल्या काचेवर थेंब मणी होऊन बसतात आणि प्रत्येक मणी चित्रात डाग होतो. चालत्या स्कूटरवर वारा उडवून लावतो, उभं राहिलात की नाही. साध्या काचेवर थोडी थुंकी फासून पाण्यात बुचकळली तर पाण्याचा सलग पापुद्रा राहतो. ऐकायला घाण, कामाला उत्तम.

पोफळीबन

आता घुमट-आरती आणि शिगमो राहिले. मागच्या व्हिडिओत आवाज फाटतोय आणि दिव्यांवर काळे पट्टे फिरतायत.

शामेळ

पट्टे आधी. आपली वीज ५० हर्ट्झ, दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ निवडा, फ्रेम सेकंदाला २५ किंवा ५०, शटर १/५० किंवा १/१०० सेकंद. ३० फ्रेम आणि शटर ऑटोवर सोडलंत तर पट्टे येऊ शकतात. मखराच्या स्वस्त एलईडी माळा वेगळ्याच तालावर लुकलुकतात. तिथे शटर एक-एक पायरी बदलत पट्टे जाईपर्यंत बघायचं, दुसरा इलाज नाही.

आवाज: घुमट म्हणजे दोन तोंडांचं मडकं. मोठ्या तोंडाला चामडं, छोटं तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत वाजवायचं. हवेचा दणका त्या छोट्या तोंडातून बाहेर येतो. माइक त्याच्या समोर असेल तर काहीही करा, फाटणारच. माइक दीड-दोन मीटर दूर, चामड्याच्या बाजूला तिरका, गाणाऱ्यांकडे तोंड करून. कांसाळ्यांपासून (झांजांपासून) आणखी लांब, कारण त्यांचा कर्कश आवाज शब्द गिळतो. कॅमेऱ्याची ऑटो गेन बंद करा. ती प्रत्येक थापेला आवाज दाबते आणि मग वर ओढते, आरती हेलकावे खाते. विंड नॉइज रिडक्शनही बंद, ते घुमटाचा खर्जच वारा समजून कापतं.

डीजेआय माइक २ असेल तर ट्रान्समीटरमध्येच ३२ बिट फ्लोट रेकॉर्डिंग चालू ठेवा, नंतर पातळी खाली आणता येते. पॉकेट ३ आणि अ‍ॅक्शन ५ प्रो दोघांना तो रिसीव्हरशिवाय जोडता येतो.

कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून पूर्ण आरती घेत असाल तर तो तापून बंद पडू शकतो. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याला वाऱ्याची झुळूक लागते, मखराच्या खोलीत ती नसते. ४के २५ वर या, जीपीएस आणि वायफाय बंद करा, स्टॅबिलायझेशनही बंद, तिकाटण्यावर त्याचं काय काम? गोप्रोमध्ये बॅटरी काढून थेट यूएसबीवर चालवलं की उष्णता बरीच कमी होते.

दर्यावर्दी

शिगम्याच्या रात्रीबद्दल पुढचं. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन म्हणजे चित्र कापून, जायरोच्या (हालचाल मोजणाऱ्या सेन्सरच्या) नोंदीप्रमाणे सरकवणं. प्रत्येक फ्रेम जागेवर बसते, पण शटर १/५० असेल तर त्या फ्रेममधला हलल्याचा फराटा तसाच राहतो. म्हणून चालताना रात्रीचं चित्र स्थिर असूनही थरथरल्यासारखं पुसट येतं. निदान १/१०० ठेवा आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढू द्या. दाणेदार चित्र पुसट चित्रापेक्षा बरं. नाहीतर रोमटामेळ (शिगम्याचा नाचत-वाजवत जाणारा मेळ) येतो त्या कोपऱ्यावर उभे राहा आणि मेळाला तुमच्याजवळ येऊ द्या. दिवसा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) लावून सिनेमासारखी धूसर हालचाल आणायची तर ती गिंबलवर. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यावर एनडी आणि स्टॅबिलायझेशन एकत्र लावलं की हीच फजिती भर उन्हात होते.

गिंबलचाही गैरसमज नको. तीन अक्ष म्हणजे फिरणं थांबतं, वर-खाली उसळणं नाही. गुडघे किंचित वाकवून टाचेवरून बोटांवर पाऊल टाकल्याशिवाय पॉकेट ३ सुद्धा डुलतो.

सडा_आणि_वारा

ड्रोनवर येतो. आधी कायदा.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २५० ग्रॅम ते २ किलो मायक्रो. नॅनोला टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलची सरकारी मान्यता) आणि पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणी करून यूआयएन (ड्रोनचा ओळख क्रमांक) घ्यावा लागतो. हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फूट. ८ किमीच्या आत जमिनीपासूनच पिवळं किंवा लाल क्षेत्र: पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लाल म्हणजे जवळपास बंदच. गोव्यात विमानतळ दोन: दाबोळी, जो नौदलाचा हंसा तळही आहे, आणि २०२३ च्या जानेवारीपासून चालू झालेला मोपा. वास्को, चिखली, बोगमाळो इथे उडवायचा विचारच सोडा. पोलीस अधीक्षक आणि वरचे अधिकारी कुठल्याही जागेवर ९६ तासांपर्यंत तात्पुरतं लाल क्षेत्र जाहीर करू शकतात, तेव्हा उड्डाणाच्या दिवशी सकाळी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. जुन्या गोव्यातली चर्च पुरातत्त्व खात्याची, दूधसागर अभयारण्यातला. दोन्हीकडे वेगळी परवानगी.

पोफळीबन

दुबईहून कोणी आणला तर?

सडा_आणि_वारा

नको. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे, सुटे करून आणलेलाही चालत नाही. सूट फक्त संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेच्या कामांना. सामानात सापडला तर कस्टम्समध्ये अडकतो.

आता खरा धडा, वाऱ्याचा. हिवाळ्यात सकाळी दहापर्यंत वारा जमिनीवरून समुद्राकडे असतो, दुपारनंतर उलट. दुपारी ड्रोन समुद्रावर नेलात तर जाताना वाऱ्याविरुद्ध आणि येताना वाऱ्याबरोबर, म्हणजे बॅटरी कमी उरली तरी घरी येतो. सकाळी नेमकं उलट. पाणी काचेसारखं, प्रकाश सुरेख, ड्रोन भुर्रकन लांब जातो, आणि परतीला समोरून वारा. बॅटरी ५० टक्क्यांवर वळलात तर भरतीच्या रेषेआधीच बुडतो. सकाळी ६५-७० टक्क्यांना वळा. मिनी ४ प्रो सारख्या २४९ ग्रॅमच्या ड्रोनची वाऱ्याची मर्यादा १०.७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ३८ किमी. किनाऱ्यावर झुळूक वाटली तरी १०० मीटर उंचीवर ती दुप्पट असू शकते.

लाटांवर खालचे सेन्सर गोंधळतात, पाण्याचा हलता पृष्ठभाग त्यांना जमीन वाटतो. निदान पाच मीटर वर राहा. माडाची झावळी आणि विजेची तार अडथळ्याच्या सेन्सरला नीट दिसत नाही. परतीची उंची ५० ते ६० मीटर ठेवा, म्हणजे माड टळतात. मोबाइल टॉवर मात्र आधी नजरेने हेरून ठेवा.

ड्रोनचा कंपास लोखंडाजवळ चकतो: स्लॅबवरून, गाडीच्या बॉनेटवरून किंवा खनिजाच्या ढिगाजवळून उडवू नका. फेरीबोटीवरून तर मुळीच नको. खाली लोखंडी डेक, आणि बोट पुढे सरकली तरी ड्रोन परत येतो तो उड्डाणाच्या मूळ जागी, म्हणजे मांडवीत.

घारी: मासळीच्या जेटीजवळ त्यांचं राज्य. अंगावर आली तर खाली नको, सरळ वर. घारीला तितक्या वेगाने उभं चढता येत नाही.

कुळागर

मिनी ४ प्रो ला मोठी बॅटरी घातली तर ३४ चे ४५ मिनिटं होतात म्हणे. भारी नाही का?

सडा_आणि_वारा

भारी आहे, वजनाने. ३८५० एमएएचची ती प्लस बॅटरी घातली की ड्रोन २५० ग्रॅमच्या वर जातो आणि नॅनोचा मायक्रो होतो. मग टाइप सर्टिफिकेटचा प्रश्न उभा. साधी २५९० एमएएचचीच ठेवा. पूर्ण चार्ज करून आठवडाभर ठेवू नका, ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा. फुगलेली बॅटरी एकदाही वापरू नका. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोकांवर टेप लावून.

पोफळीबन

ठरलं. १/१.३ इंची अ‍ॅक्शन कॅमेरा, डायव्हिंगचं हाउसिंग, माइक आणि सिलिका जेलचा डबा. ड्रोन तूर्तास नाही. एकच शेवटचं: घरात जुना गोप्रो आहे, त्याच्या दाराचं रबर कडेला फाटलंय. सील वेगळं मिळतं का?

रेती_नको

सील वेगळं नको, गोंदाने चिकटवूही नका. बाजूचं अख्खं दार सुटा भाग म्हणून मिळतं. दार पूर्ण उघडून हळूच बाहेर ओढलं की बिजागरीतून निघतं, नवं तसंच दाबून बसतं. घेताना मॉडेलचा आकडा बघून घ्या, दिसायला सारखी दारं एकमेकांत बसत नाहीत. आणि चार्जिंगच्या वायरसाठी भोक ठेवलेलं दार चुकून उचलू नका, ते टेबलावरच्या कामाचं, पाण्याचं नाही. नवं दार बसवल्यावर बॅटरी काढून, आत टिश्यूचा तुकडा ठेवून अर्धा तास बादलीत बुडवा. टिश्यू कोरडा निघाला तरच समुद्र.